क्रूझवर असताना कॅटामरान सेलिंग घ्यावी का, जहाजाकडून की बाहेरून, आणि बोट लागणाऱ्या आईंचं काय?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर सांगा. फ्लोरिडाहून निघणारी सात रात्रींची क्रूझ, जानेवारीत, बंदरं कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरची, सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन. तुम्ही दोघं, नऊ वर्षांचा मुलगा आणि पासष्टीच्या आई. आईंना वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी लागते. पोहता फक्त मुलाला येतं, तेही पूलमध्ये. क्रूझ कंपनीच्या यादीत कॅटामरान (दोन अरुंद होड्या जोडल्यासारखी रुंद शिडाची बोट) सेलिंग आणि स्नॉर्केलिंगची (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायचं) अर्ध्या दिवसाची ट्रिप आहे, तशीच दिसणारी ट्रिप बाहेर बऱ्याच कमी पैशांत मिळतेय. मग घ्यायची का आणि कोणाकडून.

मी बरीच वर्षं क्रूझ जहाजावर शोर एक्स्कर्शनच्या, म्हणजे बंदरावरच्या सहली विकणाऱ्या डेस्कवर होतो आणि नंतर त्याच बेटांवर दिवसाच्या ट्रिपा करणाऱ्या कॅटामरानवर क्रू म्हणून काम केलं, त्यामुळे तिकीट विकणारी आणि तिकीट काढून आलेल्यांना शिडीवरून वर ओढून घेणारी, दोन्ही बाजू माहीत आहेत. तुमचा प्रश्न पैशांचा वाटतो पण तो खरं तर वाऱ्याचा आणि घड्याळाचा आहे. ही दोन गणितं जमली की जहाजाकडून की बाहेरून याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

त्याआधी एक गोष्ट घरात बसून ठरवा. तुम्हाला शिडाच्या बोटीवर सेलिंग करायचंय की बोटीवर मजेत एक दिवस घालवायचाय? कारण जाहिरातीत भलं मोठं शीड दिसतं, पण बहुतेक कॅटामरान जाताना इंजिनवर जातात, एका खाडीत नांगर टाकतात किंवा मूरिंगला (पाण्यात कायम बसवलेल्या बोयाला) बांधतात, लोक पाण्यात उतरतात, मग येताना शीड वर जातं, गाणी लागतात, रम पंच (रम घातलेला फळांचा रस) फिरतो. यात फसवणूक काही नाही. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊच शकत नाही, साधारण 45 अंश बाजूला धरून नागमोडी जावं लागतं आणि जड पर्यटक कॅटामरानला तर त्याहून जास्त कोन लागतो, म्हणजे तेवढंच अंतर कापायला कितीतरी जास्त वेळ. साडेतीन तासांच्या ट्रिपमध्ये हे परवडत नाही म्हणून कॅप्टन इंजिन लावतो. हे आधी माहीत असलं की "शीड तर अर्धा तासच लावलं" अशी चिडचिड होत नाही.

आता वारा. कॅरिबियनमध्ये वर्षातले बहुतेक दिवस वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून येतो, यालाच ट्रेड विंड्स म्हणतात. साधारण 15 ते 20 नॉट, म्हणजे ताशी 28 ते 37 किलोमीटर. डिसेंबर-जानेवारीत याला जोर चढतो, तिकडचे लोक त्याला ख्रिसमस विंड्स म्हणतात आणि तेव्हा 25 नॉटच्या वर जायलाही वेळ लागत नाही. तुमची ट्रिप नेमकी जानेवारीत आहे. हरिकेनचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर, ती भीती तुम्हाला नाही, पण "वादळाचा सीझन नाही म्हणजे समुद्र शांत" असं समजून येणारे खूप असतात आणि तेच पहिल्या वीस मिनिटांत हिरवेनिळे होतात.

वारा पूर्वेचा म्हणजे बेटाची पूर्वेकडची बाजू कायम खवळलेली आणि पश्चिमेकडची बेटाच्या आडोशाला. म्हणून बार्बाडोस किंवा सेंट लुशियाला पर्यटकांच्या बोटी पश्चिम किनाऱ्यानेच फिरतात. कुठलीही ट्रिप बघताना मी आधी नकाशा उघडतो आणि दोनच गोष्टी बघतो: बोट बेटाच्या कुठल्या बाजूला जातेय आणि परत येताना वारा पाठीशी आहे की तोंडावर. जाताना तोंडावर आणि येताना पाठीशी असेल तर उत्तम, कारण सकाळी सगळे ताजेतवाने असतात, थोडे धक्के सहन होतात, आणि पोटात जेवण आणि पंच गेल्यावर परतीचा प्रवास मऊ होतो. शिवाय वारा पाठीशी असला की वेळेत परत यायची शक्यताही वाढते. उलटं असेल तर जाताना सगळे खुश आणि येताना अर्धी बोट आडवी.

हे तुमच्या दोन बंदरांना लावून बघू. सेंट थॉमसहून बहुतेक चांगल्या ट्रिपा पूर्वेला सेंट जॉनकडे जातात. तिथे नॅशनल पार्क आहे, हनिमून बीचसारख्या खाड्या आहेत, पाणी स्वच्छ आणि आडोशाला. जाताना वारा तोंडावर, येताना पाठीशी. म्हणजे अगदी हवं तसं. दुसरा पर्याय जवळच्या बक आयलंडचा, तिथे कासवं दिसतात, अंतर कमी. फक्त एक बघा की बोट सुटते कुठून. काही बोटी जहाज लागतं त्या हॅवनसाइटच्या धक्क्याला लागूनच असलेल्या मरीनातून (छोट्या बोटींच्या धक्क्यावरून) सुटतात, म्हणजे चालत पाच-दहा मिनिटं. पण बऱ्याच स्वस्त आणि छान छोट्या बोटी बेटाच्या पूर्व टोकाला रेड हुकहून सुटतात. तिकडे जायला डोंगरातून टॅक्सी, आणि ती टॅक्सी बहुतेकदा दोन्ही बाजूंनी उघडा ट्रक असतो जो भरल्याशिवाय हलत नाही. त्या वळणांवरच तुमच्या आईंना त्रास सुरू होईल, बोटीत बसायच्या आधीच. काही वेळा जहाज हॅवनसाइटऐवजी क्राउन बे या दुसऱ्या धक्क्याला लागतं, तेही आधी बघून ठेवा.

सेंट मार्टिनचं गणित वेगळं. जहाज फिलिप्सबर्गला, बेटाच्या दक्षिण बाजूला लागतं. तिथून कॅटामरान साधारणपणे किनाऱ्याकिनाऱ्याने पश्चिमेला, सिम्पसन बे आणि पुढे मुलेट बेच्या दिशेने जातात. जाताना वारा पाठीशी, मस्त, आणि परत येताना तोंडावर, म्हणजे इंजिन आणि लाटांवर आपटणं. ईशान्येला टिंटामार नावाचं छोटं बेट आहे, फोटोत स्वप्नासारखं दिसतं, पण जानेवारीत तिकडे जाणं म्हणजे उघड्या समुद्राची बाजू. बोट लागणारं माणूस बरोबर असेल तर मी ती ट्रिप विकत नसे.

पण सेंट मार्टिनला एक गोष्ट आहे जी ज्याला खरंच सेलिंग करायचंय त्याने सोडू नये. अमेरिकाज कप ही शिडाच्या बोटींची सगळ्यात प्रसिद्ध शर्यत, 1958 ते 1987 या काळात ती 12 मीटर वर्गाच्या बोटींवर व्हायची. 1987 साली ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला झालेल्या शर्यतीच्या वेळच्या अशा बोटी इथे आणल्या आणि गेली बरीच वर्षं क्रूझच्या पाहुण्यांना क्रू बनवून त्यांवर छोटी शर्यत लावतात. (12 मीटर हे एका सूत्रातून निघणारं रेटिंग आहे, बोट प्रत्यक्षात वीसेक मीटर लांब असते.) तुम्हाला ग्राइंडर (शिडाचे दोर ताणायचं हातांनी फिरवायचं यंत्र) फिरवायला देतात, दोरी ओढायला देतात, आणि सुकाणूवर अर्थातच त्यांचा माणूस. बोट चांगली कलते, पाणी अंगावर येतं, सावली नाही, टॉयलेटची आशा ठेवू नये, पोहणं-बिहणं काही नाही. आईंना नाही म्हणजे नाही. मुलाचं वय चालतं का ते बुक करण्याआधी विचारा. पण तुम्हा दोघांपैकी ज्याला हौस आहे त्याने जावं, यात शीड पहिल्यापासून शेवटपर्यंत वर असतं.

आता घड्याळ. इथे लोक खरे अडकतात. सेंट थॉमस आणि सेंट मार्टिन दोन्ही वर्षभर एकाच वेळेवर चालतात आणि जानेवारीत ती वेळ फ्लोरिडापेक्षा एक तास पुढे असते. (उन्हाळ्यात फ्लोरिडाची घड्याळं पुढे सरकतात, तेव्हा फरक नसतो.) काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही फ्लोरिडाच्याच वेळेवर राहतात. समजा जहाज फ्लोरिडाच्या वेळेवर राहिलं आणि तुम्ही बाहेरची दहाची बोट बुक केलीत, तर ती बेटाच्या दहाला सुटणार, म्हणजे जहाजाच्या नऊला. लोक साडेनऊला आरामात नाश्ता आटपून खाली उतरतात आणि बोट गेलेली असते, पैसे परत मिळत नाहीत. उलट प्रकार जास्त वाईट: जहाजाने घड्याळ पुढे केलं आणि तुमच्या हातातलं जुन्याच वेळेवर राहिलं, तर तुम्ही जहाजाला एक तास उशिरा पोचता. मोबाईल तर नेटवर्क मिळालं की स्वतःच्या मर्जीने वेळ बदलतो. म्हणून साधं काटे असलेलं एक घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावायचं, रोज रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर किंवा ॲपवर ती तपासायची, आणि बाहेरची बोट असेल तर मेलमध्ये स्पष्ट विचारायचं की ही वेळ बेटाची की जहाजाची.

दुसरं, जहाज सुटायची वेळ ही तुमची वेळ नाही. "ऑल अबोर्ड", म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायची वेळ, सहसा अर्धा तास आधी असते, कधी त्याहूनही आधी. कंपनीची ट्रिप उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, आणि नाहीच थांबलं तर तुम्हाला पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. बाहेरच्या ट्रिपला यातलं काहीच नाही. धक्क्यावरून पळत येणाऱ्या लोकांना वरच्या डेकवरून सगळे टाळ्या वाजवत बघतात, ती गंमत बघणाऱ्यांना वाटते. भारतीय पासपोर्टवर तर हे प्रकरण आणखी किचकट होतं, पुढच्या बंदराचा व्हिसा, विमानाचं तिकीट, अमेरिकेत परत शिरायला मल्टिपल एन्ट्री व्हिसा, सगळं आलं. म्हणून माझा नियम: बाहेरची बोट घ्यायची तर सकाळचीच, आणि परतीची वेळ ऑल अबोर्डच्या किमान दोन तास आधीची. दुपारची बोट बाहेरून घ्यायचीच नाही, कितीही स्वस्त असली तरी. पासपोर्टची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत आणि फोटो मोबाईलमध्ये, जहाजाचं कार्ड गळ्यात, आणि पोर्ट एजंटचा (त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या माणसाचा) फोन नंबर त्या रोजच्या कागदावर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

तर इथपर्यंतचा हिशोब असा होतो: सेंट थॉमसला बोट जहाजाच्या धक्क्याजवळून सकाळी सुटत असेल आणि दोन तासांची फट राहत असेल तर बाहेरून खुशाल घ्या, बोट लहान असेल, गर्दी कमी असेल, आणि त्या पैशांत जास्त मजा येईल. रेड हुकहून सुटत असेल किंवा जहाज दुपारी लवकर निघत असेल तर जहाजाकडूनच घ्या, वरचे पैसे हे एक प्रकारे विम्याचेच. सेंट मार्टिनला आई बरोबर असताना लांबची ट्रिप नको.

बाहेरची बोट निवडताना रिव्ह्यू वाचाच, पण ऑपरेटरला चार गोष्टी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. किती माणसं घेता आणि बोटीची परवानगी कितीची आहे. सेंट थॉमस हा अमेरिकेचा भाग असल्याने सहापेक्षा जास्त पैसे देणारे प्रवासी नेणाऱ्या बोटीला कोस्ट गार्डची तपासणी आणि सर्टिफिकेट लागतं, ते बोटीवर लावलेलं असतं, विचारायला लाजू नका. नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, "आहे हो, सगळ्यांना बसतं" हे उत्तर चालणार नाही, मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं की पाण्यात ते वर सरकतं आणि कानापर्यंत येतं. जहाजच बंदरात आलं नाही किंवा कॅप्टनने वाऱ्यामुळे ट्रिप रद्द केली तर पैसे परत का. आणि आईंसाठी, सावलीची जागा आहे का आणि बोटीवर चढायला शिडी आहे की धक्क्यावरून पाऊल टाकून जाता येतं.

आईंचं बोलू. कॅटामरान कलत नाही म्हणून बोट लागत नाही असं विकणारे सांगतात, ते अर्धसत्य. ती कलत नाही हे खरं, पण दोन होड्या जोडल्यासारखी असल्याने आडव्या लाटेत तिची हालचाल तुटक, झटक्यांची असते, आणि काही जणांना तीच जास्त लागते. पुढे जी जाळी असते, जिच्यावर लोळत सगळे फोटो काढतात, तिथे उसळी सगळ्यात जास्त. आईंना मागच्या बाजूला, मधोमध, सावलीत पण मोकळ्या हवेत बसवा, नजर क्षितिजावर, मोबाईल बघायचा नाही, आत केबिनमध्ये तर अजिबात जायचं नाही. उपाशी नेऊ नका, हलका नाश्ता हवा. गोळी घ्यायची तर त्रास सुरू झाल्यावर उपयोग नाही, किमान तासभर आधी. आपल्याकडची ॲव्होमिन किंवा तिकडे मिळणारी मेक्लिझिन, दोन्हींनी झोप येते, म्हणून प्रवासाआधी एकदा घरी घेऊन बघा की किती गुंगी येते. कानामागे लावायचा पॅच काचबिंदू किंवा लघवीची तक्रार असेल तर चालत नाही, आणि बीपीच्या वगैरे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. मुलाचा डोस मुलांच्या डॉक्टरांकडूनच. आणि उलटी आलीच तर टॉयलेटकडे पळू नये, आतल्या बंद जागेत दुप्पट होते आणि तो पंप तुंबला की क्रूचा दिवस जातो. क्रूला विचारा कुठल्या बाजूला उभं राहू, ते वारा बाहेर जाणाऱ्या बाजूला नेतात आणि मागून धरून उभे राहतात, त्यांना याचं काही वाटत नाही.

पोहता न येणाऱ्यांनी पाण्यात उतरावं का? उतरावं, पण अटींवर. फुगवायचं जॅकेट अर्धवट नाही, पूर्ण फुगवून घालायचं आणि पायांमधला पट्टा बांधायचा. मास्क आधी पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास आत ओढा, तो चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशी असेल तर तिथून पाणी शिरतंच, थोडं व्हॅसलिन लावलं की बरंच थांबतं. चष्मा आत बसत नाही, नंबरचा मास्क काही बोटींवर असतो, विचारून ठेवा. पहिली पाच मिनिटं शिडीला धरून नुसतं तोंड पाण्यात घालून श्वास घ्यायची सवय करा, मग हात सोडा. दम लागला, छाती भरल्यासारखी वाटली की लगेच पाठीवर व्हायचं आणि हात वर करायचा, लाजायचं नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांनी स्नॉर्केलिंगला साधी गोष्ट समजू नये.

आणि जिथे लोक खरंच इजा करून घेतात ती जागा म्हणजे परत चढायची शिडी. बोट लाटेबरोबर वर-खाली होते आणि शिडीचं खालचं टोक पाण्यातून उचलून परत खाली येतं. तिच्या खाली डोकं कधीच न्यायचं नाही. एक हात लांबूनच दांड्याला, फिन्स (पायात घालायचे पंखे) पाण्यातच काढून वर क्रूच्या हातात द्यायचे, मग शिडी खाली जाते तेव्हा पाय ठेवायचा आणि ती वर येताना तिच्याबरोबर उठायचं. घाईत दोन जण एकदम आले की बोटं चिरडतात. मुलाला तुमच्या आधी चढवा, तुम्ही त्याच्या मागे बाजूला थांबा, बरोबर खाली नाही.

बाकी बारीकसारीक: यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये (सेंट थॉमस आणि सेंट जॉन त्यातच येतात) 2020 पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट आणि ऑक्टोक्रिलीन असलेलं सनस्क्रीन बंद आहे, कारण प्रवाळाला इजा होते. झिंक ऑक्साइडचं न्या, त्याहून चांगलं म्हणजे लांब बाह्यांचा पोहायचा शर्ट. स्प्रे सनस्क्रीन बोटीवर मारू नका, डेक तेलकट होऊन माणसं घसरतात. चपला चढतानाच टोपलीत काढून घेतात. पंच स्नॉर्केलिंगनंतरच. क्रूला टीप द्यायची पद्धत आहे, साधारण 15 ते 20 टक्के, म्हणून सुटे डॉलर कोरड्या पिशवीत असू द्या.

मला विचाराल तर तुमच्या घरासाठी मी असं करेन: सेंट थॉमसला सगळ्यांनी मिळून सेंट जॉनची सकाळची कॅटामरान. सेंट मार्टिनला एकाने हौस असेल तर 12 मीटरची शर्यत, आणि बाकीच्यांनी फिलिप्सबर्गचा ग्रेट बे बीच, तो धक्क्यापासून चालत किंवा वॉटर टॅक्सीने जवळच आहे, आईंना सावलीत खुर्ची मिळेल आणि मुलगा समोर दिसत राहील. सेंट थॉमसच्या दिवशी सकाळी डेकवर जाऊन बंदराच्या तोंडाबाहेरचं पाणी बघा, आतलं नाही, आत ते शांतच असतं. बाहेर सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे दिसत असतील तर वारा 20 नॉटच्या आसपास आहे, मग आईंना गोळी देऊन न्यायचं की एकाने त्यांच्याबरोबर थांबायचं ते तिथेच ठरवा. दोन्ही बंदरांतल्या तुमच्या जहाजाच्या येण्या-जाण्याच्या वेळा आणि बाहेरच्या ऑपरेटरची सुटायची जागा टाका, मग नेमकं सांगतो.